आमेन कोण म्हणणार

एफीच्या जिभेला हाड नव्हतं, हे आमच्या स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरुणपणी ती हेरिंग मासे साफ करायला बंदरोबंदर फिरली. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, मिठाच्या पिंपांपाशी वाकायचं आणि दिवसभर सुरी चालवायची. एकदा यार्मथच्या धक्क्यावर मुकादमाने एका पोरीला घालूनपाडून बोलून रडवलं, तर एफीने माशांची आतडी त्याच्या टोपीत भरली आणि ती टोपी त्याच्याच डोक्यावर ठेवली, असं सांगतात. तिला कोणी विचारलं तर म्हणायची, "काहीतरीच सांगतात लोक. टोपी नव्हती, बूट होता."

अशी ही बाई देवापुढे मात्र मुकी. यात तिचा दोष नाही, आमची रीतच तशी. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांनी मोठ्याने प्रार्थना करायची नाही. घरीही रोज संध्याकाळी बायबलचं पुस्तक उघडायचं ते घरच्या कर्त्या पुरुषाने. तो वाचणार, तो प्रार्थना करणार, शेवटी आमेन म्हणणार तोच. बाकीच्यांनी आपापल्या खुर्चीकडे तोंड करायचं, जमिनीवर गुडघे टेकायचे, कोपरं खुर्चीच्या बैठकीवर ठेवायची आणि डोळे मिटायचे. सगळ्यांच्या पाठी एकमेकांकडे. कोण रडतंय, कोण पेंगतंय, कोणाला दिसत नाही. मला विचाराल तर ती फार सोयीची रीत आहे.

एफीचा नवरा फिनले हा विणकर, आणि मंडळीतला वडील, म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्या जाणत्यांपैकी एक. दिवसभर घरामागच्या खोपटात त्याचा माग खडखडायचा, आणि संध्याकाळी त्याची प्रार्थना चालायची. प्रार्थना करावी तर फिनलेने. लोक लांबलांबून ऐकायला यायचे. पण ती लांबलचकही तेवढीच असायची. आधी देवाची स्तुती, मग स्वतःच्या पापांची कबुली, मग समुद्रावरची माणसं, मग परदेशी गेलेली पोरं, मग आजारी माणसं एकेक नाव घेऊन. एफीने त्या प्रार्थनेवर बटाट्यांचं गणित बसवलं होतं. पुस्तक मिटताना पातेलं चुलीवर चढवायचं. फिनले समुद्रावरच्या माणसांपाशी पोचला की झाकण थडथडायला लागायचं, आणि आमेन होईस्तोवर बटाटे बरोबर शिजलेले असायचे. "तुझी प्रार्थना देवापर्यंत पोचते की नाही ते मला ठाऊक नाही," ती त्याला म्हणायची, "बटाट्यांपर्यंत पोचते." फिनले हसायचा. बायकोवर रागावणं त्याला कधी जमलंच नाही.

मग एका वसंतात, चुलीसाठी दलदलीतली जळाऊ माती कापायचे दिवस आले असताना, माग मध्येच थांबला. एफी चहा घेऊन गेली तर फिनले बाकावरून कलंडलेला. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. इस्पितळातून चांगला उन्हाळा लागल्यावरच त्याला घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, समजतं सगळं, पण बोलणं आता येईल असं धरून चालू नका. ग्लासगोहून मुलगी आली, राहिली, रडली आणि नोकरीवर परत गेली. घरात ना मागाचा आवाज राहिला, ना फिनलेचा. एफी मुद्दाम भांडी आपटायची, काहीतरी वाजावं म्हणून.

पुस्तकाचं काय करायचं, हा प्रश्न फिनले घरी आला त्या पहिल्याच संध्याकाळी आला होता. फिनलेने डाव्या हाताने ते फळीवरून ओढलं, मांडीवर घेतलं आणि एफीकडे बघत राहिला. तिने नजर चुकवली, शाल घेतली आणि शेजारच्या एवनला बोलावून आणलं.

एवनही मंडळीतला वडील. एफी, फिनले आणि तो एकाच शाळेत होते. सरळ, नेमाचा माणूस. त्याची बायको पेगी दोन हिवाळ्यांपूर्वी वारली, तेव्हा हा पुढच्याच रविवारी मंडळीत उभा राहिला, आवाज न कापता देवाचे आभार मानून खाली बसला. सगळे म्हणाले, विश्वास असावा तर असा.

एवन रोज संध्याकाळी यायचा. वाचायचा, गुडघे टेकायचा आणि आभार मानायचा. या दुखण्याच्या भट्टीत तू आमच्या विश्वासातल्या भावाला घातलंस म्हणून आभार. त्याचं बोलणं थांबवून तू त्याला ऐकायला शिकवतो आहेस म्हणून आभार. एफी खुर्चीत तोंड खुपसून दात आवळायची. एकदा तिने हळूच मागे वळून पाहिलं. फिनलेने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

त्या दिवशी दारापर्यंत पोचवताना ती म्हणाली, "एवन, तू आभार जरा बेताने मानत जा."

"म्हणजे गं?"

"म्हणजे काही नाही. उद्या ये."

खरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. फिनले कलंडला त्या दिवसापासून तिने मनातल्या मनातही प्रार्थना केली नव्हती. डोळे मिटले की एकच गोष्ट वर यायची, ती म्हणजे राग. आणि देवापुढे तोंड धुऊन, नीटनेटकं होऊन जायचं असतं, हे ती लहानपणापासून शिकलेली. जे आत होतं ते त्याच्यापुढे न्यायच्या लायकीचं नव्हतं. तेव्हा गप्प बसलेलं बरं. पण गप्प बसून बसून तिला भीती वाटायला लागली होती. आपला देव आपल्या हातून सुटला की काय, आणि फिनलेही आत एकटाच पडलाय की काय. ज्याला तोंड उघडता येत नाही त्याच्या मनातलं देवाला सांगणार कोण?

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी एवन आला नाही. त्याची मेंढी दलदलीत रुतली होती, हे नंतर कळलं. सूर्य अजून बराच वर होता. एफीने बटाटे चढवले आणि खिडकीतून वाट बघितली. फिनलेने मांडीवरच्या पुस्तकावर हात आपटला.

"येईल रे. थांब जरा."

त्याने पुन्हा हात आपटला, आणि तिच्याकडे बोट केलं.

"मी? वेड लागलं का तुला?"

तो बोट खाली घेईना. काय करणार? तिने पुस्तक घेतलं, हाताला येईल ते पान अडखळत वाचलं आणि आपल्या खुर्चीपाशी गुडघे टेकले. फिनले मागे त्याच्या आरामखुर्चीत. तिला वाटलं, त्याचेच शब्द म्हणू, तेवढे पाठ आहेत. पण स्तुती म्हणता म्हणता ती एकदम परदेशच्या पोरांवर घसरली, तिथून पापांवर आली आणि समुद्रावरच्या माणसांपाशी पार अडकली. झाकण थडथडायला लागलं. तो आवाज ऐकला मात्र, तिचा बांध फुटला.

"देवा, मला हे जमत नाही," ती म्हणाली. "हे त्याचे शब्द आहेत. माझ्याकडे असले नाहीत. त्याची वाचा तू का नेलीस? न्यायची तर माझी न्यायचीस. माझ्या जिभेने तुझं काय भलं केलंय? तो रोज तुझं नाव घेत होता आणि तू त्याचंच तोंड बंद केलंस. मी तुझ्यावर रागावले आहे. फार रागावले आहे. एवन येऊन रोज आभार मानतो. मला नाही मानायचे आभार. मी फिनलेला भरवते तेव्हा तो माझ्याकडे बघत नाही, त्याला लाज वाटते. ते मला सोसत नाही. माझी कंबर गेली. कधी मनात येतं, त्याच दिवशी तू याला नेलं असतंस तर बरं झालं असतं. आणि लगेच वाटतं, नको, नको नेऊस, असाच राहू दे, पण राहू दे. यातलं काय ऐकायचं ते तू बघ. फक्त मी असं बोलले म्हणून तू निघून जाऊ नकोस."

मागे काहीतरी धप्पकन वाजलं. एफी दचकून वळली. फिनले खुर्चीतून घसरत खाली आला होता. पडला नव्हता, डाव्या हाताने खुर्ची धरून उतरला होता. वाकडातिकडा, एका गुडघ्यावर, तो फरफटत तिच्यापर्यंत आला आणि त्याने डोकं तिच्या खुर्चीच्या बैठकीवर, तिच्या हातांशेजारी टेकवलं. त्याचं तोंड भिजलेलं होतं. मग त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. त्या पहिल्या संध्याकाळनंतर तो असा सरळ तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच बघत होता. एफीला आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि ती हुंदके देऊन रडली.

रडून झाल्यावर ती सवयीने त्याच्या आमेनची वाट बघत राहिली. त्यानेही सवयीने तोंड उघडलं. काही आलं नाही. स्वतः आमेन म्हणावं हे काही तिला सुचलं नाही, ते काम कधी तिचं नव्हतंच. मग तिने त्याला उठवायला बघितलं. तिला तो काही उचलेना. दुसऱ्यांदा ओढताना तीच त्याच्यावर पडली, आणि दोघं जमिनीवर तसेच हसत बसले, फिनलेही त्याच्या अर्ध्या तोंडाने. बटाटे करपल्याचा वास सुटला.

तेव्हा तिला दाराशेजारच्या खिडकीच्या खालच्या काचेत एका हातातली टोपी दिसली.

"कोण आहे बाहेर?"

"मी. एवन."

"मग आत ये ना बाबा. कधीपासून उभा आहेस?"

"आमेन कुठे झालं अजून?"

आमच्याकडे प्रार्थना चालू असताना कोणी घरात पाऊल टाकत नाही. टोपी काढून दारात थांबायचं, आमेन ऐकलं की आत जायचं. पाऊस असो, वारा असो. एवनसारख्या माणसाने ही रीत मोडणं शक्यच नव्हतं. अंगावर गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तो आपला आमेनची वाट बघत वाऱ्यात उभा.

तो आत आला. दोघांनी मिळून फिनलेला खुर्चीत बसवलं. एफीने पातेलं उतरवलं आणि मागे न वळताच विचारलं, "काय काय ऐकलंस?"

"सगळं."

"आभारांचंसुद्धा?"

"तेसुद्धा."

"मग आता जा आणि मंडळीच्या पाळकांना सांग. बायका मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या, आणि ती असली."

एवन गेला नाही. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "एफी," तो म्हणाला, "पेगीसाठी मी तसं काही बोललो नाही गं कधी. मंडळीत आभार मानले, ते मानायचे असतात म्हणून. घरी येऊन दार लावलं, तेव्हा मला काय वाटलं ते मी देवाला एकदाही सांगितलं नाही. लाज वाटली. तूच सांग ना माझ्या वतीने. तुला जमतं."

एफीला त्याची फार दया आली, पण ती दया दाखवायची बाई नव्हती. तिने फिनलेकडे बोट केलं. "याला विचार, बोलता येणं म्हणजे काय ते. तुझं तोंड शाबूत आहे. तुझं तू सांग."

एवनने गुडघे टेकले. एफीनेही टेकले. या वेळी ती खुर्चीकडे वळली नाही, फिनलेचा डावा हात धरून तिथेच बसली.  मंडळीत घटकाघटका बोलणारा एवन घसा खाकरायचा आणि थांबायचा. शेवटी तो म्हणाला, "देवा, पेगी मला हवी होती." त्याने टोपी जमिनीवर ठेवली. "घरी गेलं की कोणी विचारत नाही, आलास का म्हणून."

एवढंच. पुढे त्याला शब्द सापडेनात. एफीने हळूच वर पाहिलं. फिनलेचं तोंड भिंतीकडे नव्हतं. त्याने आपला हात तिच्या हातातून सोडवला, पुढे वाकून एवनच्या खांद्यावर ठेवला आणि घशातून एक आवाज काढला. तो शब्द नव्हता, कोणाला लिहून दाखवता आला नसता. तिघांनी तो आमेन म्हणून धरला आणि उठले.

"बटाटे करपलेत," एफी म्हणाली. "खारा मासा आहे. बस."

एवन बसला. खालचे, भांड्याला लागलेले बटाटे त्याने मागून घेतले, आणि जेवण झाल्यावरही तो घरी जायची घाई करीना.