दिवस मावळायच्या आत

तीन मास्तर, एक खोली आणि एकच स्टोव्ह असला, की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते आपोआप साचतात!

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. अनगोळात मी, खानापूरकडचा मारुती आणि कोगनोळीचा नेमाण्णा एकत्र राहत होतो. तिघंही एकाच शाळेत. नेमाण्णा जैन. दिवस मावळला की अन्न बंद, ते थेट दुसऱ्या सकाळी! शाळा सुटायची पाचला. थंडीत जेमतेम तासभर मिळायचा. भाकऱ्या सकाळच्याच असत. संध्याकाळी आम्ही धावत येऊन भाजी परतायचो.

त्याच्या आईची तंबीच होती, "उपाशी निजायची पाळी आली तर नोकरी सोड, घरी ये." नेमाण्णाचा शाळेवर फार जीव होता. आणि आमचा त्याच्यावर.

*

पहिल्याच दिवशी मी हौसेनं भेंडी परतली, कांदा-लसूण सढळ हातानं घालून! नेमाण्णानं कढईत डोकावून पाहिलं आणि मुकाट्यानं गूळ-फुटाणे खाल्ले.

मारुती माझ्यावर उखडला. "भूगोल शिकवतासा न्हवं? जमिनीखाली काय पिकतंय ते ठावं न्हाय व्हय? त्यातलं ह्येला कायबी चालत न्हाय!"

दुसऱ्या दिवशी आम्ही नेमाण्णासाठी वेगळी लोखंडी कढई आणली.

*

वेळ वाचवायला आम्ही मधल्या सुट्टीत शाळेतच गवारी मोडत बसायचो. एकदा हेडमास्तर दारात उभे!

"हे काय चाललंय?"

मारुती ताडकन उठला. "हस्तव्यवसाय, सर!"

हेडमास्तर आत आले, खाली बसले, मूठभर गवारी पुढ्यात ओढली आणि म्हणाले, "शिरा कोण काढणार?"

*

पावसाळ्यात सूर्य दिसायचा नाही आणि नेमाण्णाचा घड्याळावर विश्वास नव्हता. मारुतीनं तोड काढली. शेजारच्या कोंबड्या अंगणात आहेत तोवर दिवस आहे!

एका रविवारी दुपारीच अंधारून आलं आणि कोंबड्या एकदम गायब झाल्या. नेमाण्णानं अर्धाकच्चा दोडका घाईघाईनं गिळला. थोड्या वेळानं लख्ख ऊन पडलं. कोंबड्या कुत्र्याला भिऊन आत गेल्या होत्या!

आम्ही पोट धरून हसलो. नेमाण्णा शांतपणे म्हणाला, "मग हसताय काय? आन्खी दोडका चिरा की!"

*

आणि तो तपासणीचा दिवस. ऐन थंडी. साहेबांनी नेमाण्णाचा वर्ग शेवटी घेतला. पाच वाजून गेले तरी सोडेनात. मी आणि मारुती पुढं पळालो, तर खोलीच्या पायरीवर नेमाण्णाची आई बसलेली! बाहेर टांगा उभा.

"बघाय आल्ये," ती म्हणाली. "जेवनाचं हाल दिसलं, तर आजच्याच मोटारीनं न्हेनार त्येला."

मी आत धावलो. स्टोव्ह पेटवायला घेतला तर पिन बर्नरमध्येच मोडली! मारुतीनं चिरलेला घेवडा, तेल-मीठ कढईत टाकलं आणि तो मागच्या गल्लीतल्या लोहाराकडं धावला, मागोमाग मी. लोहारानं दोनदा भाता ओढला. कढई अशी तापली की दोन मिनिटांत घेवडा चुरचुरून तयार!

आम्ही परतलो तेव्हा नेमाण्णा टोपी हातात घेऊन पळत येत होता. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं. मी ताट वाढलं.

"कुनाच्या चुलीवर केलंस?" आईनं मारुतीला विचारलं.

मारुतीचा चेहरा उतरला. तो जैन नव्हता आणि लोहारही जैन नव्हता. "लोहाराच्या भट्टीवर, आई. कढई नेमाण्णाचीच हाय. कांदा न्हाय, लसूण न्हाय."

तिनं कढईकडं पाहिलं, मारुतीच्या पोळलेल्या बोटांकडं पाहिलं, मावळतीकडं पाहिलं. नेमाण्णाचा घास हातातच थांबला होता.

ती उठली. पिंपाजवळ हातपाय धुतले आणि लेकाशेजारी मांडी घालून बसली.

"टांगेवाल्याला जा म्हनावं," ती मारुतीला म्हणाली. "आन् मलाबी वाढ रं बाबा, दिवस हाय तवर."