कागदी मोहल्ल्यातली खोली

आश्विनातलं ऊन तिरपं होऊन त्या खोलीत शिरलं, की दगडी हौदाच्या तळाशी साकळलेला चुन्याचा पांढुरका थर उजळून निघे आणि ओल्या भिंतींचा, जुन्या तागाचा मंद वास दाटून येई. जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात एके काळी घरोघरी हातानं कागद होई. गोणपाट भिजवून, कुटून त्याचा लगदा हौदात कालवायचा आणि गवती जाळीवर एकेक ताव अलगद उचलायचा. हे सारं थांबल्याला कितीतरी वर्षं लोटली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझ्या शेजारीण शमीमभाभी, अशा आम्ही दोघींनी त्यांच्या पुढच्या खोलीत त्या लोपलेल्या व्यवसायाचं लहानसं संग्रहालय मांडलं.

हौद त्यांच्या सासऱ्यांचा. जाळ्या, लाकडी चौकटी, ताव घोटायचे दगड मोहल्ल्यातल्या घरांनी आपणहून आणून दिले. सुरुवातीला शाळांच्या सहली आल्या. मुलं हौदात वाकून हाका मारीत नि आपलाच आवाज ऐकून हसत. पुढं पुढं दिवसचे दिवस आम्ही दोघीच तिथं बसू लागलो. भाभी पुसलेल्याच वस्तू पुन्हा पुसत आणि मी बोळाकडे पाहत राही.

दिवाळीआधी त्यांचा मुलगा चाकणहून आला. घर पाडून नवं बांधायचं त्यानं ठरवलं होतं. भिंती खचल्या होत्या. त्याचं काही चुकत नव्हतं.

"बाई, पोरगं म्हनतंय, छत अंगावर पडंल," भाभी म्हणाल्या. "त्याला न्हाई कसं म्हनू मी?"

मी शाळांत, कचेऱ्यांत जागा मागत हिंडले. आदरानं खुर्ची मिळाली, चहा मिळाला. खोली मिळाली नाही. मग आम्ही वस्तू ज्यांच्या त्यांना परत करू लागलो. एका घरी नव्या सुनेनं दार अर्धंच उघडलं. "हे आमचं व्हय?" चौकट हातात घेऊन तिनं विचारलं, "पन ठेवू कुठं, बाई?" पुढच्या घराला कुलूप होतं. तिथली जाळी आम्ही तशीच माघारी आणली.

हौद हलवता येण्यासारखा नव्हता. पाडलेल्या भिंतींचा राडारोडा मजुरांनी त्यातच लोटला. धुळीचा लोट उठला तशी भाभींनी पदर नाकाला लावला.

"लगीन होऊन आले तवा सासऱ्यांनी यात माझा हात बुडवला व्हता," त्या म्हणाल्या. "म्हनले, आता तू कागद्याची झालीस."

इतक्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आम्ही वस्तू जपल्या, त्यांच्यापुढं नावं लिहिली. पण लगद्यात बुडालेला नव्या नवरीचा तो थंडगार, बावरलेला हात कुठल्याच फळीवर मांडलेला नव्हता. अशा किती गोष्टी किती घरांबरोबर गेल्या असतील, कोण जाणे.

भाभी आता मुलाकडे चाकणला असतात. परवा नागपूरहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. तिचे पणजोबा या मोहल्ल्यातले. कुणाकडून तरी तिनं संग्रहालयाविषयी ऐकलं होतं.

"रविवारी उघडं असतं ना, काकू?" तिनं विचारलं.

समोरच्या मोकळ्या जागेत नव्या घराचे खांब उभे राहत होते.

"ये," मी म्हटलं, आणि कुलूपबंद घरापासून माघारी आणलेली ती जाळी पुसायला घेतली.