कोरी सायकल

आमच्या इमारतीच्या आवारात काल विनायकरावांची नवी सायकल उभी होती. हँडलला झेंडूचा हार, बैठकीवर दुकानातले प्लास्टिक तसेच. रविवारच्या शर्यतीत ती घेऊन उतरावे की नाही, याचा खल चार शेजारी चहा पीत करीत होते.

"अहो, ओरखडा पडला म्हणजे?" एकाने विचारले. दुसऱ्याने माझ्याकडे बोट दाखवले. "अण्णांनाच विचारा की! कोऱ्या सायकलीने त्यांना घाटात आपटले आणि स्वारी टांग्यातून घरी आली."

हे साफ खोटे आहे. तरुणपणी मी घाटात पडलो तो वळणावरच्या खडीमुळे. सायकल निर्दोष होती. आणि टांग्यातून नव्हे, फुटलेल्या गुडघ्यांनी पायडल मारीत, सर्वांत शेवटी का होईना, मी शर्यत पुरी केली. ज्यांनी माझे पडणे पाहिलेही नाही, ते मला ते समजावून सांगतात! या मंडळींना वस्तू वापरायची नसते, कोरी ठेवायची असते. स्वतःचे आयुष्यही ते असेच वेष्टनात राखतात आणि त्या चकाकीला शहाणपण म्हणतात.

"मग उतरू का, अण्णा?" विनायकरावांनी विचारले. त्यांचा हात हँडलवरून निघत नव्हता.

"आधी ते प्लास्टिक फाडा."

त्यांनी प्लास्टिकची एक कड उचलली, शेजाऱ्यांकडे पाहिले आणि ती अंगठ्याने पुन्हा नीट चिकटवली. मग घरातून एक जुनी चादर आणून त्यांनी सायकल हारासकट झाकून टाकली.