माझ्या ळ ची चोरी

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर रसाचं दुकान होतं. त्याची पाटी हे माझं एकटीनं केलेलं पहिलं काम. बाबा पेंटर, पण त्यांचा हात थरथरायला लागल्यावर ब्रश मी उचलला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बाबांची अक्षरं टोकदार, माझी जाड आणि गुबगुबीत. एकही कोपरा नाही. बाबा वैतागायचे, "पाटी रंगवतेस का भोपळे काढतेस गो?" लोकांना मात्र ते भोपळे आवडले. मुरबाड-शहापूरकडच्या कितीतरी दुकानांवर, पिठाच्या गिरण्यांवर, शेणवे गावातल्या एका भिंतीवरसुद्धा माझी अक्षरं होती.

'फळांचा ताजा रस' लिहिताना पत्र्याला नेमकं ळ च्या जागी एक भोक आलं. ते चुकवायला मी ळ चा डावा गोल लहान काढला. तो बरा दिसला, म्हणून पुढे प्रत्येक ळ तसाच काढत गेले.

मग फ्लेक्स आले. एकदा शहापूरच्या नाक्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स दिसला. खाली 'मित्र मंडळ'. माझी अक्षरं. ळ चा डावा गोल लहान.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी कल्याणला त्याच्या दुकानात गेले.

"ही अक्षरं कुठून आणली?" मी विचारलं.

"ताई, हा फॉन्ट आहे. जुन्या स्टाइलचा. आमच्याच पोरानं कॉम्प्युटरवर बनवला."

"कशावरून बनवला?"

"पाट्यांचे फोटो काढले होते मुरबाडला. जुन्या पाट्या, कोणाच्या काय माहीत."

"माझ्या. खाली सही असते माझी. ती नाय दिसली?"

तो हसला. "अक्षरं काय कोणाची असतात, ताई? क ख ग तर सगळ्यांचंच."

"मग ळ चा हा गोल लहान का?"

त्यानं पहिल्यांदाच स्क्रीनकडे नीट पाहिलं. "फोटोत तसाच होता." वर म्हणाला, "वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या दुकानाचा फ्लेक्स फुकटात काढून देतो."

माझ्याच अक्षरांत, मलाच, फुकट! अंगाचा तिळपापड झाला. काउंटरवरचे त्याचे नमुने मी उचलले, फाडले आणि तिथंच टाकून आले. त्यानं अडवलं नाही. माझं करायचं काय, हेच त्याला कळत नसावं.

महिन्याभरानं वाशिंदचा एक दुकानदार फ्लेक्सचा तुकडा घेऊन आला. "ताई, ही कॉम्प्युटरची अक्षरं जमतील का तुमाला?"

"ती माझीच आहेत."

"असं कसं? ही तर छापील आहेत."

मी त्याला बाबांसारखी टोकदार अक्षरं काढून दिली. रागारागात काढली, वाईट आली, आणि ती पाटी अजून तिथं आहे. पुढची दोन वर्षं मी गोल अक्षर काढलंच नाही. त्यानं कोणाचं काही अडलं नाही, आणि राग मला त्याचाही येतो.