तांदळात न लिहिलेलं नाव

तिचं नाव मला कळलं, पण ते मी इथे लिहिणार नाही.

उल्हासनगरच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात ती माझ्या शेजारी उभी होती, मागे नवरा. फोन रिसेट झाल्यामुळे तिचं इन्स्टा उघडत नव्हतं.

"भाभी, आयडी बोलो," दुकानदार म्हणाला.

तिने मंगळसूत्राची वाटी दातांत धरली. मग म्हणाली, "लिहून देते."

"बोल ना. लपवण्यासारखं काय आहे?" नवऱ्याचा आवाज चढला. मी तर मनात भलतंच काही रचून मोकळा झालो होतो.

तिने सांगितलं. एका मुलीचं साधं नाव, पुढे आडनाव.

"ये किसका है?" दुकानदाराने विचारलं.

"माझंच, माहेरचं. लग्नात यांनी तांदळात अंगठीने दुसरं लिहिलं. मोबाइलमध्ये कुणी तांदूळ पसरले नव्हते."

नवरा काउंटरवर झुकला. "भाई, ये नाम चेंज होता है क्या?"

दुकानदाराने एकदा तिच्याकडे पाहिलं. "होता है. लेकिन पासवर्ड इनका है."

तिने फोन उचलला आणि आम्हा तिघांकडे पाठ करून पासवर्ड टाकला.