शेळ्या आतल्या खोलीत कशा पोचल्या

दिग्रसच्या आमच्या घरी सून बचत गटाच्या तूरडाळीची लेबलं कॉम्प्युटरवर तयार करते. परवा त्या लेबलाच्या ॲपमध्येच कुठलंसं भोक निघालं, त्यातून व्हायरस शिरला आणि सगळी लेबलं खराब झाली. मुलगा कॉम्प्युटरच विकायला निघाला. त्यातली फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम सुनेनं स्वतः शिकून टाकलेली, म्हणून दोष तिचाच, असं त्याचं म्हणणं.

"चोर घरात घुसला, तं घरच कच्चं," तो म्हणाला.

"भोक ॲपले पडलं. सिस्टीमले कायले शिव्या देता?" सून म्हणाली.

कॉम्प्युटर गेला असता तर ती पुन्हा माझ्याजवळ डाळ निवडायला बसली असती. दिवसभर माझ्या गप्पा ऐकायच्या, ही शिक्षा कोणत्याच सुनेला होऊ नये.

मला माझंच नवं लग्न आठवलं. बाहेरची खोली एका मास्तरांना भाड्यानं दिली होती. जुडग्यातून त्या खोलीची चावी सोडवताना नख तुटेल, म्हणून मी महाराणीनं अख्खा जुडगाच त्यांच्या हाती ठेवला. मास्तर विसराळू. एकदा माठातलं पाणी घ्यायला त्यांनी आतली खोली उघडली आणि दोन्ही दारं तशीच टाकून शाळेत गेले. शेळ्यांनी आतली तूर फस्त केली. मी गल्लीभर मास्तरांचा उद्धार केला.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "दार त्यायनं उघडं टाकलं. आतली चावी कोनं देल्ली?"

मी नख दाखवलं. अशी मी हुशार.

म्हणून आता मुलाला म्हटलं, "व्हायरस कुठवर गेला, ते तं पाहा."

तोंड वाकडं करत तो सुनेशेजारी बसला. एकेक फोल्डर उघडून पाहिलं. लेबलं गेली होती, पण गटाचे कागद शाबूत, नातीचे फोटो शाबूत. सिस्टीमनं ॲपला एकाच खोलीत ठेवलं होतं.

"अन् सारंच गेलं असतं तं?" सुनेनं मला विचारलं.

"तं तुह्या सिस्टीमलेबी शिव्या देल्या असत्या. भोक ज्याचं त्याचं. पण शेळी आतवर गेली, तं घरानंबी ऐकून घ्यावं."

मुलानं आणि सुनेनं मिळून जुनं ॲप काढून दुरुस्त झालेलं नवं टाकलं आणि लेबलं पुन्हा मांडायला घेतली. मग मुलगा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "लेबलावरचं हे तुरीचं फूल जरा मोठं घे."