ठेकेदार स्लॅबच घ्या म्हणत होता

धायरीतल्या माझ्या घराचं छप्पर ठरवताना ठेकेदाराने मला फसवलं. एकही शब्द खोटा न बोलता फसवलं, त्यामुळे तक्रार कुठे आणि कशी करायची तेही कळत नाही.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. बिबवेवाडीत नळ आणि पाइपांचं दुकान मी एकट्याने उभं केलं. तीस वर्षं व्यापाऱ्यांशी घासाघीस करून एकच नियम शिकलो: विकणारा ज्या वस्तूचा आग्रह धरतो, ती घ्यायची नाही. त्याचा आग्रह म्हणजे त्याचा फायदा. दुकानाचं शटर, घरातला फ्रिज, मुलीच्या लग्नाचं कार्यालय, सगळं मी याच नियमाने ठरवलं. माझ्या या सवयीवर नातेवाईक हसतात. हसू देत, त्यांच्या घरातले फ्रिज बंद पडलेत.

घर बांधायचं ठरलं तेव्हा बायकोने एकच गोष्ट मागितली. स्वतःची गच्ची. बिबवेवाडीच्या आमच्या इमारतीत गच्चीला कुलूप असायचं आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरात. उन्हाळा आला की ही कुरडयांचं पातेलं तयार ठेवून त्यांची बेल वाजवायची. ते विचारायचे, किती वेळ लागेल? ही म्हणायची, ऊन असेपर्यंत. त्यावर ते म्हणायचे, म्हणजे नक्की किती वाजेपर्यंत? अठरा वर्षं हे चाललं. मग एका वर्षी जिन्यात पाटी लागली: ‘गच्ची सर्वांची आहे, म्हणजेच कोणा एकाच्या पापडांची नाही.’ हिने पाटी वाचली आणि पातेलं घेऊन खाली आली. त्या वर्षी घरात विकतच्या कुरडया आल्या. तिने सगळ्यांना तळून वाढल्या, स्वतः एकही खाल्ली नाही.

तर गच्ची द्यायची हे माझ्या मनात होतं. पण मी नळवाला. गळक्या स्लॅबच्या कहाण्या रोज दुकानात ऐकतो, त्यामुळे स्लॅब की कौलं यावर थोडा विचार करणार होतो. ठेकेदार धायरीचाच. घरची शेतं जाऊन तिथे प्लॉट पडल्यावर तो बांधकामात उतरला होता. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, “शेठ, स्लॅबच घ्या. कौलाच्या नादी लागू नका.”

मी सावध झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर त्याने मला चार घरांच्या गच्च्या चढून दाखवल्या. एवढी मेहनत माझ्या प्रेमापोटी कोण करतं? सिमेंट आणि सळई यांतच ठेकेदार कमावतात, हे मला पक्कं माहीत होतं. बायको शेजारी उभी होती. तिचा चेहरा का उतरला ते मला तेव्हा कळलं नाही. ती म्हणाली, “अहो, ते एवढं सांगतायत तर स्लॅबच घेऊ या ना.” मला वाटलं, यानं हिलाही गुंडाळलं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, लोखंडी कैच्यांचा उतरता सांगाडा आणि वर मंगलोरी कौलं. वाळवणाला मागचं अंगण आहेच.

ठेकेदार नाराज झाला. निदान तसं दिसला. कौलांचा भाव मी पाडून मागितला, तर दोन वाक्यांत तयार झाला. इतक्या लवकर खाली येणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. तिथेच जागं व्हायला हवं होतं, पण मी जिंकल्याच्या खुशीत होतो.

घर देखणं झालं. येणारा प्रत्येक जण रस्त्यावरून छपराचा फोटो काढतो. पहिल्या उन्हाळ्यात बायकोने तीन दिवस गहू भिजवले, चीक शिजवला आणि मागच्या अंगणात कुरडया घातल्या. सकाळी तिथे आमच्याच घराची सावली, आणि मागे चार मजली इमारत आहे. दुपारी दोन वाजता ऊन तिच्या भिंतीपलीकडे गेलं ते गेलंच. कुरडयांना आंबूस वास आला. टोपलीभर कुरडया तिने कचऱ्यात टाकल्या आणि हात धुता धुता म्हणाली, “मीच त्या ठेकेदारांना आधी गाठून सांगितलं होतं. यांच्यापुढे कौलांचं भरपूर कौतुक करा, म्हणजे हे स्लॅब घेतील.”

मी तसाच ठेकेदाराच्या माल ठेवायच्या जागेवर गेलो. तिथे माझ्या छपरावरच्याच कौलांचा उरलेला ढीग होता, फटींतून गवत वाढलेलं. राखणदाराने सहज सांगितलं की मुळशीकडच्या एका बंगल्यासाठी ही कौलं आली होती, मालकाने काम रद्द केलं आणि दोन पावसाळे ती तिथेच पडून होती. खपत नव्हती. मग एक गिऱ्हाईक मिळालं.

ठेकेदाराने मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून कप माझ्याकडे सरकवला.

“शेठ, मी तर स्लॅबच घ्या म्हणत होतो. वहिनी साक्षीला हायेत.”

मी म्हणालो, तिने तुला काय सांगितलं होतं?

“कौलाची तारीफ करा म्हणल्या. पण शेठ, खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.”

चहा तसाच ठेवून मी उठलो.

माझ्यापुरतं मी सोडून देतो. सौद्यात आज तो वर, उद्या मी. हट्ट माझा होता, हेही नाकारत नाही. पण माझी बायको त्याच्याशी सौदा करत नव्हती. नवऱ्याची खोड तिने विश्वासाने त्याच्या कानावर घातली, कारण तिला एक सपाट, उन्हातली, बिनकुलपाची जागा हवी होती. त्याच खोडीच्या जोरावर त्याने पडून राहिलेली कौलं तिच्या डोक्यावर चढवली. तेव्हा मला चहा पाजून भागणार नाही. त्याने येत्या उन्हाळ्यात भर दुपारी तीन वाजता माझ्या मागच्या अंगणात येऊन उभं राहावं आणि तिने कुरडया कुठे घालायच्या, ते मला नाही, तिला सांगावं.